श्वास परत आणणारा रेणू

हेरॉइनचा डोस जास्त झालेला माणूस झोपल्यासारखाच दिसतो. घोरल्यासारखा आवाज, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, निळसर पडत जाणारे ओठ. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या देठातल्या पेशी आपल्याला श्वास घ्यायला लावतात. हेरॉइन नेमक्या त्याच पेशींना बधिर करतं. जीव गुदमरत असतो, पण शरीराला त्याची खबरच नसते.

अशा वेळी नॅलॉक्सोन टोचलं किंवा नाकात फवारलं, तर बहुधा दोन ते पाच मिनिटांत श्वास परत सुरू होतो. आणि गंमत ही की हे औषध अफूच्याच कुळातलं! ऑक्सिमॉर्फोन या जबर वेदनाशामकाच्या रेणूत दोन कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंची भर घातली, की त्याचं नॅलॉक्सोन होतं. एवढ्याशा फरकाने मारणाऱ्याचा तारणारा व्हावा, याचं मला अजून नवल वाटतं.

मेंदूच्या पेशींवर अफूच्या रेणूंसाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे हेरॉइनचे रेणू बसतात, क्षणभर उठतात, पुन्हा बसतात. नॅलॉक्सोन एसटीतल्या रुमालासारखं रिकाम्या झालेल्या जागेवर पडतं. जागा अडते, पण नशेचा परिणाम काही होत नाही. या जागा खरोखर आहेत हे 1973 मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवलं, तेही किरणोत्सारी नॅलॉक्सोन वापरूनच. शरीरात अफू नसेल तर हे औषध जवळपास काहीच करत नाही. म्हणून शंका असली तरी ते देता येतं.

जॅक फिशमन आणि मोझेस लेवेन्स्टाइन यांनी ते 1960 च्या सुमारास घडवलं. 2003 मध्ये फिशमन यांचा सावत्र मुलगा हेरॉइनच्या ओव्हरडोसनेच गेला. औषध रुग्णालयांत होतं, ओव्हरडोस मात्र बहुतेकदा घरात किंवा मित्रांच्या देखत होतो. ही दरी ओळखून शिकागोत डॅन बिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकातच ते थेट सुईने नशा घेणाऱ्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्ये हीच शिफारस केली. ज्यांना दूर लोटलं जातं, तीच माणसं एकमेकांचे जीव वाचवू शकतात, हे मला रसायनाइतकंच थोर वाटतं.

एक धोका मात्र आहे. नॅलॉक्सोनचा असर तीस ते नव्वद मिनिटं टिकतो, नशेचा त्याहून जास्त टिकू शकतो. शुद्धीवर आलेला माणूस तळमळतो, चिडतो, निघून जायला बघतो, पण त्याला एकटं सोडायचं नाही. 108 ला फोन करायचा, तोंडाने श्वास द्यायचा, श्वास सुरू झाला की कुशीवर वळवायचं आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत शेजारी बसायचं.

आपल्याकडे नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यक्रमातून सुई घेणाऱ्यांना नव्या सुया आणि हेरॉइनऐवजी घ्यायचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध मिळतं. नॅलॉक्सोन तर अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतच आहे. ते वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या झोळीत आणि घरच्यांच्या हाताशीही असायला हवं. तुमच्या ओळखीत कुणी सुई घेत असेल, तर त्याला 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन सांगा आणि ओव्हरडोसची ही लक्षणं त्याच्या सोबत्यांनाही सांगून ठेवा.