शनिवारचा घाणा

शनिवारी तेल विकत घेऊ नये, असे आमच्या पडेगावात अजून मानतात. लाकडी घाण्याचे तेल आणायला मी त्या दिवशी पिशवी उचलली की घरातून हटकले जाते. कारण शनी. कोकणात, आजच्या रायगड जिल्ह्यात, बेने इस्रायल तेली शनिवारी घाणाच जुंपत नसत. त्यांचे कारण मात्र निराळे होते. शिवाचा वार पाळणारे ते सोमवार तेली, म्हणून हे शनवार तेली, असा शेजाऱ्यांचा साधा हिशेब.

या ज्यू समाजाजवळ शतकानुशतके तोरा नव्हता. आठव्या दिवशीची सुंता, खवले-पर असलेलेच मासे, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, असे मोजकेच उरले होते. याला कर्मकांड म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. दया, सत्य ही नीती आणि सुट्टी ही रूढी. पण मूळ आज्ञा पाहिली की ही वाटणी टिकत नाही. विश्रांती कोणाकोणाला द्यायची, याची तिथे यादीच आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दारातला परका. कारणही दिले आहे: तुम्हीही मिसरात गुलाम होता. ग्रंथ हाती नसलेल्या तेल्याकडे घाण्याच्या बैलाची झापडे आठवड्यातून एक दिवस सुटत. (आपल्या म्हणीतल्या बैलाला हे सुख नाही.)

मी अडखळतो तो यादीतल्या ‘परक्या’पाशी. याच समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. ज्यांची आई समाजाबाहेरची मानली जाई ते काळे. त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार नसे.

आईविषयीचा हाच प्रश्न पुढे साऱ्या समाजावर उलटला. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. जुन्या काळात त्यांना घटस्फोटाचे रब्बींचे नियम ठाऊक नव्हते, मग त्यांचे विवाह शुद्ध कसे मानायचे, ही तिथल्या धर्मपीठाची शंका. १९६२ मध्ये मुख्य रब्बीपीठाने निर्देश काढला: बेने इस्रायल व्यक्तीला इतर ज्यूशी लग्न करायचे असेल, तर आईकडच्या पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी व्हावी. १९६४ च्या उन्हाळ्यात समाजाने जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये संसदेने त्यांना सर्व बाबतींत ज्यू ठरवले. रब्बीपीठाने निर्देशातून ‘बेने इस्रायल’ हे नाव काढले आणि ज्याच्याविषयी शंका असेल अशी कोणतीही व्यक्ती, असे शब्द घातले.