रद्दीत घालण्याआधी शेवटचं पान बघा

वाचकहो, आठवडे बाजारात भाजीच्या ओळी संपल्या की ताडपत्रीवर जुनी पुस्तकं मांडून बसलेला एक माणूस तुम्ही पाहिला असेल. तो मीच. अधूनमधून या पानावर लिहितो आणि बाजाराच्या दिवशी पुस्तकं विकतो. नुसत्या लिहिण्यावर चूल पेटत नाही, नुसत्या पुस्तकांवरही नाही. दोन्ही मिळून कसंबसं भागतं.

माल रद्दीवाल्याकडून येतो. जुनं घर पाडलं, भावाभावांत वाटण्या झाल्या, म्हातारं माणूस गेलं, की घरातून पोती निघतात. तराजूला फक्त वजन कळतं. अण्णाभाऊ साठ्यांची १९५९ सालची ‘फकिरा’ आणि गेल्या सालचं पंचांग एकाच भावानं तोललं जातं. मी पोतं उपसून निवड करतो. खप म्हणाल तर जूनमध्ये गाईडांना आणि बारा महिने स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना. अभ्यासक्रम बदलला की गठ्ठाच्या गठ्ठा पुन्हा रद्दीत. ‘फकिरा’ मात्र कुठल्याही सालची येवो, बाजार उठायच्या आत जाते.

गिऱ्हाईक नसलं की मी माल वाचत बसतो आणि नको ते नाद लागतात. मधमाशीपालनाचं पुस्तक आलं, तो महिना मधमाश्यांचा. पेटी काही आणली नाही. मग जमिनीतलं पाणी बघण्याचं पुस्तक आलं, तर हातावर नारळ घेऊन शिवार पालथं घातलं. घरची मंडळी अजून हसतात. गेल्या उन्हाळ्यात मोडी लिपीचं पुस्तक सापडलं. अर्धी अक्षरं शिकलो, तोवर पुस्तकच विकलं गेलं.

त्याच सुमारास लाल फडक्यात बांधलेली ‘पांडवप्रताप’ची पोथी आली होती. शेवटच्या पानामागं मोडीत चार ओळी होत्या. हौस म्हणून लावून बघितल्या. ‘शके १८७४’ आणि ‘वैशाख’ एवढं लागलं. पुढचं लागेना. दुपारी एक परगावचा माणूस आला आणि पोथी घेऊन गेला. पैसे मोजले, विसरून गेलो.

पुढच्या बाजाराला एक आजी आल्या. पुस्तकांवरून हात फिरवत म्हणाल्या, “बाबा, लाल फडक्यातली पोथी आली का रं तुझ्याकडं? भावानं घर उतरवलं, पोरांनी समदं रद्दीत घातलं. माझ्या बापानं आमचे जन्म लिहिले होते तिच्यात.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, “आजी, शके १८७४, वैशाख, एवढं वाचलंय मी. म्हणजे १९५२ साल.”

“मीच ती,” आजी म्हणाल्या. “तारखेचं काय करायचं आता? बापाचं अक्षर तेवढंच राहिलं होतं.” उठल्या आणि गेल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

खेड्यापाड्यांत असंच असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जन्ममृत्यूच्या नोंदीचा केंद्राचा कायदा १९६९ सालचा. त्याआधी सरकारदरबारी कोतवाल बुक होतं, पण घरची वही म्हणजे पोथीच. जन्म, लग्न, बैलाची खरेदी, उसनवारी, सगळं तिच्यातच. पावत्या आणि उतारेही पानांमध्येच ठेवलेले.

तेव्हापासून मी एक नेम केलाय. पुस्तक विकायला मांडण्याआधी झटकतो, पहिलं आणि शेवटचं पान बघतो. हातानं लिहिलेलं काही दिसलं तर ते चार बाजार बाजूला ठेवतो. पण माझ्याकडं येतो तो थोडा माल. बाकीचा थेट कागदाच्या कारखान्यात जातो. म्हणून हे काम तुमच्या उंबऱ्याच्या आतच व्हायला हवं. पोतं बांधण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडून लाल फडक्यातली पोथी नेणारे तुम्हीच असाल, तर बाजाराच्या दिवशी या. तुमचे पैसे परत देतो, वर चहा पाजतो. आजींचं गाव मला माहीत आहे. पोथी मीच पोचवीन.