गिअरबॉक्स बदलताना

यंत्राचा एक भाग बदलला तरी बाकीचे यंत्र तसेच राहते, हा समज अपुरा आहे. अमेरिकेत १९८४ ते २००१ या काळात विकल्या गेलेल्या जीप चेरोकीचे उदाहरण मला येथे बोलके वाटते. तिच्या ४.० लिटर इंजिनाला चार गतींचा स्वयंचलित आणि पाच गतींचा हस्तचालित असे दोन्ही गिअरबॉक्स मिळत. म्हणून आज पहिला काढून दुसरा बसविणारे पुष्कळ आहेत.

स्वयंचलित रचनेत इंजिनाची शक्ती टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलातून पुढे जाते. हस्तचालित रचनेत क्लचची तबकडी ती थेट पोचविते. म्हणून कन्व्हर्टरच्या जागी जड फ्लायव्हील व क्लच येतात, पायाशी तिसरे पेडल येते, प्रोपेलर शाफ्टची लांबी पुन्हा मोजावी लागते. तीव्र उतारावर पहिल्या गिअरात इंजिनच गाडीला अधिक घट्ट आवरून धरते, हा लाभ खरा.

परंतु जुन्या गिअरबॉक्सबरोबर दोन संरक्षणेही जातात. उभ्या गाडीला जखडणारी ‘पार्क’ची खीळ राहत नाही; हँडब्रेक निर्दोष हवा. गिअरात असताना इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या स्विचच्या तारा नुसत्या जोडून टाकल्या, तर किल्ली फिरवताच गाडी पुढे झेपावते. समोर माणूस असेल तर अनर्थच. तेथे क्लचच्या पेडलाचा स्विच बसवावाच. बदल करणाऱ्याने काय मिळते याबरोबर काय जाते, याचाही हिशेब आधी मांडावा, एवढेच माझे सांगणे.