चाळिशीला दोष देऊ नका

“वय झाले, आता अंग सुटणारच!” चाळिशी ओलांडली की आपण असे सहज बोलून जातो. विज्ञान मात्र वेगळे सांगते.

२०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसे, आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धापर्यंत! त्यांचे शरीर रोज किती ऊर्जा खर्च करते, हे मोजले गेले. शरीराचे आकारमान जमेस धरता, एक वर्षाच्या बाळाचा खर्च प्रौढाच्या सुमारे दीडपट निघाला. पुढे तो विशीपर्यंत उतरतो आणि साठीपर्यंत स्थिर राहतो, बाई असो वा पुरुष. साठीनंतर तो हळूहळू घटत नव्वदीत सुमारे पाव हिश्शाने कमी होतो.

यातून आपण काय घ्यावे? चाळिशीत पोट सुटले तर आधी ताटातले तेल, साखर तपासा. वर्षाच्या लेकराला आईच्या दुधासोबत मऊ वरणभात, अंडे असे दिवसातून तीन-चार वेळा भरवा. घरातल्या म्हाताऱ्यांचा घास लहान झाला, तरी त्यांच्या वाटीतली डाळ, अंडी, मासळी कमी करू नका. त्यावरच त्यांच्या अंगातली ताकद टिकते.