आनंदीबाईंचे लुगडे

परदेशी शिकावयास निघालेल्या मुलाला घरची माणसे बजावतात, ‘आपले सोडू नकोस.’ पण ‘आपले’ म्हणजे नेमके काय, हे कोणी सांगत नाही. आनंदीबाई जोशी यांना ते स्वतःच ठरवावे लागले. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी १८८३ साली बंगालमधील सेरामपूरच्या सभेत जाहीर केले होते. वय अवघे सतरा!

अमेरिकेत मिसेस कार्पेंटर यांना त्या मावशी म्हणू लागल्या. माणसे अशी लवकर जोडली गेली; अडले ते लुगड्याशी. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहात. तिकडे ते असभ्य, शिवाय थंडीत सोसवेना. मे महिन्यात गोदाघाटावर बसलेल्या आपणांस फिलाडेल्फियाच्या हिवाळ्याची कल्पना यायची नाही! झगा घातला असता तर प्रश्न मिटला असता. त्यांनी लुगडेच गुजराती पद्धतीने, घोट्यापर्यंत नेसावयास प्रारंभ केला. नेसण बदलली, वेष राहिला.

अन्नाच्या बाबतीत मात्र तडजोड नव्हती. शाकाहार त्यांनी पाळलाच. खोलीतील शेगडी इतकी धुरकट, की धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड. त्यांच्या क्षयाचे खापर केवळ यावर फोडणे योग्य नव्हे. परंतु भरसभेत दिलेल्या शब्दाने त्यांना लुगड्याइतकी मोकळीक ताटात ठेवली नाही, असे मला वाटते.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. पुढल्या २६ फेब्रुवारीस पुण्यात वारल्या, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.