नाणेघाट ते जुन्नर : जुन्या नकाशांतून एका प्राचीन वाटेचा शोध

लेणी ही लोकवस्तीपासून दूर, निर्जन अरण्यात कोरली गेली, असा समज रूढ आहे. जुन्नरचे शिलालेख वाचले असता तो टिकत नाही. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणचा होता. इतर लेखांत यवन दात्यांची नावे येतात, कारागिरांच्या व व्यापाऱ्यांच्या श्रेणींचेही उल्लेख येतात. कल्याणचा गृहस्थ जुन्नरला दान देतो, त्याअर्थी या दोन नगरांमध्ये नित्य वाहती वाट होती. कोकणातील वैशाखरे गावाजवळून नाणेघाट चढून, घाटघरमार्गे कुकडीच्या खोऱ्यात उतरणारी ती हीच वाट होय. घाटातील लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध लेख आहे. त्यात यज्ञ व दक्षिणा यांचे वर्णन असल्याने ते लेणे बौद्ध नव्हे. परंतु व्यापारी आणि चारिकेला निघालेले भिक्खू यांची वाट एकच होती.

१८६३ साली बोरघाटातून व १८६५ साली थळघाटातून रेल्वे सुरू झाली आणि वाहतुकीने दिशा बदलली. पुढे माळशेज घाटात मोटाररस्ता झाला. माणिकडोह धरणाच्या जलाशयाखाली कुकडी खोऱ्याचा काही भाग गेला. आज तेथे पाणीच दिसते. म्हणूनच धरणापूर्वीच्या नकाशांचे मोल मोठे आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांत गाडीवाट व पायवाट निरनिराळ्या रेषांनी दाखविलेल्या असतात. असा नकाशा आजच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाशी ताडून पाहावा. नदीचे वळण, डोंगराचा सुळका, किल्ला अशा न बदलणाऱ्या खुणा प्रथम जुळवाव्यात. नंतर जी रेषा जुन्या नकाशात आहे व नव्यात नाही, ती निराळी काढावी. मोजणीच्या गावनकाशात बांधांच्या ओळीही कधी जुन्या वाटेच्या कडेने गेलेल्या आढळतात.

मात्र नकाशावरील रेषा एकोणिसाव्या अथवा विसाव्या शतकातील आहे. एवढ्यावरून ती दोन हजार वर्षांची ठरत नाही. तिच्या कडेला खडकातील पायऱ्या, पाण्याच्या पोढी, लेणी व लेख सापडले, तरच अनुमानास बळ येते. जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्लेही याच मार्गाच्या आसपास उभे आहेत, हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक साधन नकाशात नाही. गावची शीव दाखविणे, वाटसरूला पुढील गावापर्यंत पोहोचविणे ही कामे वतनाच्या नावाखाली महारांवर लादलेली होती. १९५८ च्या कायद्याने ते वतन संपले, ही मुक्तीच होय. परंतु त्या श्रमातून आलेले वाटांचे ज्ञान आपल्याच वडीलधाऱ्यांपाशी होते. नकाशाने रेषा जपली. ती दाखविणाऱ्याचे नाव जपले नाही. विहाराविहारांतून तरुणांनी नकाशा हाती घेऊन या आठवणी गावनिहाय, तारीखवार लिहून ठेवाव्यात. कागद अभिलेखागारात टिकून राहील. माणसाची आठवण मात्र त्याच्याबरोबर जाते.