जीवरसायनशास्त्रातील पीएच.डी.: अधिछात्रवृत्ती पाच वर्षांची, मुदत सहा वर्षांची

वैशाली नगर (भिलाई) : जीवरसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतल्यानंतर पीएच.डी. कुठे करावी, या प्रश्नाचे उत्तर भिलाईच्या वैशाली नगरातील विद्यार्थ्याला आता घराजवळही मिळू शकते. २०१६ मध्ये स्थापन झालेल्या आयआयटी भिलाईत जैवविज्ञानाचे संशोधन चालते. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात जीवविज्ञानाची अध्ययनशाळा आहे, तर रेल्वेने थेट गाठता येणाऱ्या नागपूरच्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र संस्थेच्या निवडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आणि पैशाचा आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी पदव्युत्तर परीक्षेत किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांसह पूर्ण करणाऱ्यांनाही थेट अर्ज करता येतो. आयआयटीसारख्या राष्ट्रीय संस्थांचे प्रवेशनियम स्वतंत्र असल्याने त्यांची माहितीपत्रके वेगळी तपासावी लागतात.

या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची परीक्षा म्हणजे सीएसआयआर-यूजीसी नेट. तीत जीवरसायनशास्त्राची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते. रेणवीय जीवशास्त्र, आनुवंशिकी आणि पेशीविज्ञान यांसह हा विषय ‘जीवविज्ञान’ या २०० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत येतो. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाची पात्रता परीक्षा आणि गेट हे अन्य मार्ग आहेत. २०२४ पासून नेटचा निकाल तीन श्रेणींत लागतो. पहिल्या श्रेणीतील उमेदवारांना कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळते. उरलेल्या दोन श्रेणींतील गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एक वर्ष ग्राह्य धरले जातात. तेथे नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असतो.

हा फरक पुढे निर्णायक ठरतो. १ जानेवारी २०२३ पासून अधिछात्रवृत्ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार रुपये आणि प्रगतीच्या मूल्यमापनानंतर ४२ हजार रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. तिची एकूण मुदत पाच वर्षांची असते. पीएच.डी.ची नियमित कमाल मुदत मात्र सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. म्हणजेच काम लांबल्यास नोंदणी कायम राहते, पण मासिक उत्पन्न थांबते.

या शाखेत काम लांबण्याची कारणे प्रयोगशाळेतच असतात. पेशींतून एखादे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याची पद्धत बसविण्यातच अनेक महिने जातात. पेशींच्या संवर्धनात जंतुसंसर्ग झाला, तर प्रयोग पुन्हा आरंभापासून करावा लागतो. विकरे आणि प्रतिपिंडे महाग असतात आणि त्यांचा पुरवठा मार्गदर्शकाच्या प्रकल्प-निधीवर अवलंबून असतो. त्यामुळे प्रवेशापूर्वी मार्गदर्शकाकडे चालू प्रकल्प आहे का, आधीच्या विद्यार्थ्यांनी किती वर्षांत प्रबंध सादर केला आणि आवश्यक उपकरणे उपलब्ध आहेत का, याची चौकशी करणे हिताचे. नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात; निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत.

महिला संशोधकांसाठी नियमांत विशेष तरतूद आहे. त्यांना आणखी दोन वर्षांची मुदतवाढ आणि संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत मातृत्व व बालसंगोपन रजा मिळू शकते. या तरतुदीचे महत्त्व मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका नावावरून उमगते. लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी कमला (पुढे सोहोनी) यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री असल्याच्या कारणावरून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. तत्कालीन संचालक सी. व्ही. रामन यांनी नंतर कडक अटींवर त्यांना प्रवेश दिला. पुढे वनस्पतींच्या श्वसनक्रियेतील ‘सायटोक्रोम सी’ या प्रथिनावरील संशोधनासाठी त्यांना १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

आज प्रवेशाचे दार नियमाने खुले आहे. प्रबंध अधिछात्रवृत्ती संपण्यापूर्वी पूर्ण होईल का, हे मात्र बऱ्याच अंशी विषय आणि मार्गदर्शक यांच्या निवडीवर, म्हणजे पहिल्या वर्षीच्या निर्णयावर ठरते.